तवाफात नेमके काय म्हणायचे? : हज-उमराहच्या दुआंविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या हाती आलेल्या पुस्तिकेत तवाफाच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या, सातही फेऱ्यांसाठी वेगवेगळ्या, पानपानभर अरबी दुआ दिल्या आहेत. त्या पाठ होत नाहीत आणि गर्दीत वाचायला घेतल्या तर फेरी संपते, दुआ अर्धीच राहते. अशाने तवाफ अपुरा राहील का?

उत्तर : राहणार नाही. नीयत (मनातला संकल्प) करून, वुजूसह (नमाजपूर्वीसारखे हातपाय-तोंड धुऊन), काब्याच्या कोपऱ्यातल्या हजरे अस्वद या काळ्या दगडापासून सुरुवात करून, काबा डाव्या हाताला ठेवून आणि हतीमच्या (काब्यालगतच्या भिंतीआडच्या जागेच्या) बाहेरून सात फेऱ्या पुऱ्या केल्या की तवाफ झाला. अमुक दुआ म्हटली नाही म्हणून तो बाद ठरतो, असे कोणत्याही मसलकाचे (धर्मशास्त्राच्या परंपरेचे) म्हणणे नाही. पहिल्या फेरीला ही आणि दुसऱ्या फेरीला ती, अशी दुआंची वाटणी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केल्याचे हदीसमध्ये आढळत नाही. नंतरच्या काळात लोकांच्या सोयीसाठी या दुआ एकत्र करण्यात आल्या आणि छापील पुस्तिकांमुळे त्या जणू नियमच आहेत, असा समज पसरला. त्यांतली बहुतेक वचने अर्थाने चांगली आहेत, काही तर कुरआनातल्या आयतीच आहेत, तेव्हा ज्याला येतात त्याने त्या अवश्य म्हणाव्यात. ज्याला येत नाहीत त्याने त्यांच्यापायी जीव टांगणीला लावू नये.

हदीसवरून जे ठामपणे सांगता येते ते थोडे आणि सोपे आहे. हजरे अस्वदच्या समोर आल्यावर प्रत्येक वेळी हात उंचावून त्या दिशेने इशारा करावा आणि ‘बिस्मिल्लाहि, अल्लाहु अकबर’ म्हणावे. काब्याचा दरवाजा आणि हतीमची अर्धगोल भिंत मागे टाकून रुक्ने यमानी या कोपऱ्यापाशी पोचलात की तिथून हजरे अस्वदपर्यंतच्या टप्प्यात ‘रब्बना आतिना फिद्दुन्या हसनतंव् व फिल आखिरति हसनतंव् व किना अजाबन्नार’ ही सूरह बकरातील 201 वी आयत म्हणावी. ‘हे आमच्या पालनकर्त्या, आम्हाला या जगातही भले दे, परलोकातही भले दे आणि आगीच्या यातनेपासून आम्हाला वाचव’, असे तिचे मागणे आहे. गर्दीमुळे हा छोटा टप्पाही बराच वेळ घेतो, तेव्हा तीच आयत पुन्हा पुन्हा म्हणत राहावे. उरलेल्या वाटेत जिक्र (अल्लाहचे स्मरण) करा, दरूद (प्रेषितांसाठीची दुआ) म्हणा, पाठ असलेल्या सूरह म्हणा किंवा आपल्या भाषेत मागा. तवाफ, सफा-मरवाची सई (या दोन टेकड्यांमधल्या फेऱ्या) आणि जमरातींवर (सैतानाच्या प्रतीकांवर) खडे मारणे हे सारे अल्लाहच्या जिक्रसाठीच नेमून दिले आहे, असे हजरत आयशा (र.) यांच्या हवाल्याने आलेल्या हदीसमध्ये म्हटले आहे, आणि पुस्तिकेत डोके खुपसून पुढच्याला धडकत चालणाऱ्याच्या हातून नेमके तेच निसटते. फेऱ्यांची मोजणीही अशानेच चुकते. चार झाल्या की पाच अशी शंका आली तर कमी आकडा धरून पुढे चालावे.

मोठ्याने ओरडून पुढाऱ्याने दुआ सांगायची आणि चाळीसपन्नास जणांनी ती त्याच पट्टीत परत म्हणायची, हा प्रकार मताफमध्ये, म्हणजे तवाफाच्या जागेत, नेहमी दिसतो. शिकवण्याचा हेतू चांगला असला तरी शेजारून चाललेल्याचे चित्त त्याने ढळते, म्हणून तो टाळलेला बरा. हजरे अस्वदचे चुंबन घेण्यासाठी रेटारेटी करणाऱ्यांनीही हजरत उमर (र.) यांचे वचन आठवावे. ‘तू एक दगड आहेस, तुझ्याने ना नुकसान होते ना फायदा, हे मी जाणतो, अल्लाहच्या प्रेषितांना तुझे चुंबन घेताना मी पाहिले नसते, तर मीही घेतले नसते’, असे ते म्हणाले होते. एका सुन्नतसाठी (प्रेषितांच्या प्रथेसाठी) दुसऱ्याला कोपर मारणे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

प्रश्न : तलबिया, म्हणजे ‘लब्बैक’ची घोषणा, केव्हा सुरू करायची आणि केव्हा थांबवायची? मला अरबी वाचता येत नाही; देवनागरीत लिहिलेली वाचली तर चालेल का? स्त्रियांनीही ती मोठ्याने म्हणायची असते का?

उत्तर : एहराम म्हणजे केवळ दोन पांढऱ्या चादरी नव्हेत, तर हजची किंवा उमराहची (मक्केच्या छोट्या यात्रेची) नीयत करून त्या अवस्थेत प्रवेश करणे होय, म्हणून चादरी आधी नेसल्या तरी तलबिया सुरू होते ती नीयतीपासून. ही नीयत मीकातची, म्हणजे एहरामसाठी मक्केभोवती ठरवून दिलेली, हद्द ओलांडण्यापूर्वी झाली पाहिजे. विमानाने थेट जिद्दाहला उतरणाऱ्यांची मीकात हवेतच ओलांडली जाते, तेव्हा चादरी घरून किंवा विमानतळावरून नेसून निघावे आणि सूचना मिळताच नीयत करून तलबिया म्हणावी. आधी मदीनेला जाणाऱ्यांना ही घाई नाही. ते मक्केकडे निघताना जुल हुलैफा इथे, ज्याला आज बीर अली म्हणतात, एहराम बांधतात.

शब्द असे आहेत : ‘लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक, लब्बैक ला शरीका लका लब्बैक, इन्नल हम्दा वन्निअमता लका वल मुल्क, ला शरीका लक.’ ‘मी हजर आहे, हे अल्लाह, मी हजर आहे, तुला कोणी भागीदार नाही, मी हजर आहे, सारी स्तुती, सारी कृपा आणि सारी सत्ता तुझीच आहे, तुला कोणी भागीदार नाही’, असा तिचा आशय आहे. हनफी मसलकात एहरामच्या वेळी नीयतीसोबत तलबिया किंवा तिच्या जागी एखादा जिक्र एकदा तरी म्हणणे आवश्यक आहे. शाफई मसलकात नीयत पुरते आणि तलबिया सुन्नत ठरते. उमराहमध्ये तवाफ सुरू करताना ती थांबवावी. हजमध्ये 10 जिलहजला (हजच्या इस्लामी महिन्याच्या दहाव्या दिवशी) मोठ्या जमरातीवर पहिला खडा मारताना थांबवावी. पुरुषांनी आवाज चढवून म्हणावी, स्त्रियांनी स्वतःला ऐकू येईल इतपत.

देवनागरीतून वाचायला हरकत नाही. मात्र अरबीतले काही उच्चार आपल्या लिपीत उतरत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी जाणकाराकडून तलबिया ऐकून, त्याच्यासमोर म्हणून घ्यावी. एवढी एक गोष्ट तोंडात नीट बसली की पुष्कळ धीर येतो.

प्रश्न : अरफातच्या मैदानात मराठीत दुआ मागितली तर ती कबूल होते का? आणि इतका वेळ मागायचे तरी काय?

उत्तर : नमाजबाहेरची दुआ कोणत्याही भाषेत मागता येते आणि अल्लाहला सर्व भाषा कळतात, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते तर अरफातला ज्याने केवळ न समजणारे शब्द वाचले आणि आपल्या भाषेत एक वाक्यही मागितले नाही, त्याने हाताशी आलेली मोठी संधी दवडली.

हजचा गाभा म्हणजे 9 जिलहजचा वुकूफ, अर्थात अरफातमध्ये थांबणे. सूर्य माथ्यावरून ढळल्यापासून मावळेपर्यंतचा हा वेळ आहे. प्रेषितांनी त्या दिवशी जुहर आणि असरची (दुपारची आणि तिसऱ्या प्रहराची) नमाज एकत्र अदा केली आणि त्यानंतर किब्ल्याकडे (काब्याच्या दिशेला) तोंड करून, उंटिणीवर बसून, सूर्यास्तापर्यंत ते दुआ मागत राहिले. सर्वांत उत्तम दुआ अरफाच्या दिवसाची, असे हदीसमध्ये आहे, आणि त्याच हदीसमध्ये त्यांनी व त्यांच्या आधीच्या पैगंबरांनी म्हटलेले सर्वांत श्रेष्ठ वचन म्हणून ‘ला इलाहा इल्लल्लाहु वहदहू ला शरीका लहू, लहुल मुल्कु व लहुल हम्दु व हुवा अला कुल्लि शयइन कदीर’ हे दिले आहे. ते पाठ करावे. जबले रहमत या टेकडीवर चढणे जरुरीचे नाही. अरफातच्या हद्दीत कुठेही थांबलात तरी वुकूफ होतो. हद्दीची खात्री मात्र करून घ्या, कारण मस्जिदे नमिराचा पुढचा भाग अरफातच्या बाहेर येतो आणि तिथेच बसून राहणाऱ्याचा वुकूफ होत नाही.

मागायचे काय, याचे उत्तर ज्याचे त्याने घरीच तयार करावे. अल्लाहची स्तुती, मग दरूद, मग आपल्या गुन्ह्यांची नाव घेऊन माफी, मग आईवडिलांसाठी ‘रब्बिर्हमहुमा कमा रब्बयानी सगीरा’, म्हणजे ‘माझ्या लहानपणी त्यांनी जसे मला सांभाळले तशी त्यांच्यावर दया कर’, आणि मग स्वतःच्या गरजा, असा क्रम ठेवला तर मन भरकटत नाही. गरजा मोठ्याच असाव्यात असे नाही. फिटत नसलेले कर्ज, मुलीचे लांबलेले लग्न, भावाशी तुटलेले बोलणे, रात्री न येणारी झोप, हे सारे तिथे मागता येते. चार ओळी कागदावर लिहून न्याव्यात. सलग दोन-तीन तास कोणाचेच चित्त टिकत नाही, तेव्हा थकलात की थोडे पाणी प्या, तलबिया म्हणा, पुन्हा हात उचला. खरी अडचण दमण्याची नसतेच. जेवण झाल्यावर तंबूत आडवे होणे आणि घरच्यांना तंबू दाखवण्यासाठी लावलेला फोन, यांतच ती दुपार निघून जाते. दुपारची झोप आदल्या दिवशी मिनाच्या मुक्कामात पुरी करून घ्यावी.

प्रश्न : एहराममध्ये असताना मासिक पाळी सुरू झाली तर दुआ आणि जिक्र बंद करावे लागते का?

उत्तर : मुळीच नाही. हजच्या वाटेवर हजरत आयशा (र.) यांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या लेकींसाठी ठरवून दिलेली आहे, हाजी जे करतो ते सर्व तू कर, फक्त शुद्ध होईपर्यंत काब्याचा तवाफ करू नकोस. त्यामुळे तलबिया, दरूद, तकबीर (‘अल्लाहु अकबर’ म्हणणे), इस्तिगफार (क्षमायाचना), अरफातचा वुकूफ, मुज्दलिफाचा मुक्काम आणि खडे मारणे यांतले काहीही थांबत नाही. नमाज मात्र नाही. तवाफ आणि त्यानंतरची सई शुद्ध झाल्यावर करावी. कुरआनची तिलावत (पठण) करू नये, असे हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांचे मत आहे, परंतु ‘रब्बना आतिना’सारखी आयत दुआ म्हणून म्हणता येते. परतीच्या वेळी पाळी चालू असेल तर निरोपाच्या तवाफातून स्त्रीला सूट आहे. हजच्या फर्ज (अनिवार्य) तवाफाला, तवाफे जियारतला, ती सूट नाही, म्हणून परतीच्या तारखा ठरवतानाच गटप्रमुखाशी संकोच न करता बोलून घ्यावे.

प्रश्न : सफा आणि मरवावर प्रत्येक वेळी ‘इन्नस्सफा वल मरवता’ ही आयत म्हणायची का?

उत्तर : नाही, ती सुरुवातीला सफाजवळ येताना एकदाच. प्रेषितांनी तिथे ‘इन्नस्सफा वल मरवता मिन शआइरिल्लाह’ म्हटले, अल्लाहने ज्याचे नाव आधी घेतले तिथून आपण सुरू करतो असे सांगितले, आणि सफावर चढून काब्याकडे तोंड करून अल्लाहची थोरवी गायली. त्यानंतर ‘ला इलाहा इल्लल्लाहु वहदहू ला शरीका लहू...’ हे वर दिलेले वचन आणि त्याला जोडून ‘ला इलाहा इल्लल्लाहु वहदहू, अनजजा वअदहू, व नसरा अब्दहू, व हजमल अहजाबा वहदहू’ असे तीनदा म्हटले आणि मध्ये मध्ये दुआ मागितली. मरवावरही तसेच केले. अल्लाहने आपला शब्द पाळला, आपल्या दासाला मदत केली आणि एकट्यानेच सैन्यांचा पराभव केला, असा त्याचा अर्थ आहे. हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुषांनी दुडक्या चालीने जावे, स्त्रियांनी नेहमीच्या चालीने. सफाहून मरवापर्यंत एक फेरी धरली जाते, म्हणून सातवी मरवावर संपते.

प्रश्न : जमरातींवर खडे मारताना कोणती दुआ आहे?

उत्तर : प्रत्येक खड्यासोबत ‘अल्लाहु अकबर’. पहिल्या दिवशी फक्त मोठ्या जमरातीवर सात खडे मारायचे असतात. पुढच्या दिवसांत तिन्हींवर मारताना लहान आणि मधल्या जमरातीनंतर बाजूला सरून, किब्ल्याकडे तोंड करून निवांत दुआ मागावी. शेवटच्या, मोठ्या जमरातीनंतर न थांबता निघावे. ही मधली दुआ हल्ली बहुतेकांकडून सुटते, कारण गर्दीचा लोंढा पुढे ढकलत असतो, तरी कडेला गेले की जागा मिळते. चपला फेकणे आणि शिव्या देणे याला काहीही आधार नाही.

प्रश्न : निघताना अनेकांनी ‘आमच्यासाठी दुआ करा’ म्हणून सांगितले आहे. त्यांत एक शेजारीण मुस्लिम नाही. तिचा मुलगा आजारी आहे. सर्वांची नावे लक्षात राहणार नाहीत, काय करू?

उत्तर : नावे वहीत लिहून घ्या आणि अरफातला वही उघडा. ज्यांची नावे राहून जातील त्यांच्यासाठी ‘ज्यांनी ज्यांनी मला सांगितले त्या सर्वांची योग्य इच्छा पूर्ण कर’ एवढे म्हटले तरी पुरे. गैरहजर भावासाठी मागितलेल्या दुआवर फरिश्ता ‘आमीन, तुलाही तसेच मिळो’ म्हणतो, असे हदीसमध्ये आहे, तेव्हा दुसऱ्यांसाठी मागण्यात आपला वेळ जातो असे समजू नका. शेजारणीच्या मुलाच्या प्रकृतीसाठी दुआ मागायला कोणतीही आडकाठी नाही; त्याचे नाव वहीत वरच्या बाजूला लिहा.