कोविडनंतर बाबांना जिन्यात धाप लागते, पण इको-ईसीजी नॉर्मल. पुढे काय?

असं होऊ शकतं. इको, ईसीजी, एक्स-रे माणूस स्थिर असताना काढतात आणि बाबांचा त्रास दांडिया बाजारातल्या घराचे दोन मजले चढतानाचा आहे. छातीच्या डॉक्टरांना सीपीईटीबद्दल, म्हणजे व्यायाम करताना हृदय-फुफ्फुसं कशी चालतात ते बघणाऱ्या चाचणीबद्दल, विचारा. ही पट्ट्यावर चालवतात ती साधी टीएमटी नव्हे. टीएमटीत मुख्यतः ईसीजी बघतात. इथे तोंडावर घट्ट मास्क लावून सायकल चालवायची, पायडलवरचा भार साधारण 8 ते 12 मिनिटं वाढत जातो आणि प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. नाडी पुरेशी वाढत नाही, श्वास उथळ आणि भराभर चालतो, की स्नायूच ऑक्सिजन कमी उचलतात, याचा अंदाज त्यातून येतो.

एक मात्र कळकळीने सांगते. थोड्या कामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते अंथरूण धरत असतील, तर हे डॉक्टरांना आधी सांगाच. अशांना दमवणारी चाचणी महागात पडू शकते. बीटा-ब्लॉकर (नाडीचा वेग कमी करणारी गोळी) चालू असेल तर तेही सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

बडोद्यात चौकशीचा फोन कराल तेव्हा 'मास्क लावून श्वासातले वायू मोजता ना?' असं स्पष्ट विचारा.