प्लॅटिनम हाताशी असताना रेणू घडवत कशाला बसायचं?

तुमचा प्रश्न रास्त आहे: सौर किंवा पवनऊर्जेच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनम उत्तम चालतं, मग रसायनशास्त्रज्ञ उत्प्रेरकाचे (स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचे) नवनवे रेणू का घडवतात?

प्लॅटिनम दुर्मीळ आणि महाग आहे, हे कारण आहेच. पण इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत काम करताना मला जास्त पटलेलं कारण वेगळं आहे. रेणूमध्ये हवा तो अणू हव्या त्या जागी बसवता येतो. धातूच्या पृष्ठभागावर ती मुभा फारशी नसते.

काही जिवाणूंमधलं हायड्रोजनेज हे एन्झाइम साध्या लोखंडाच्या अणूंवर भराभर हायड्रोजन बनवतं. त्यातली खुबी अशी की लोखंडाला लागूनच एक अमाइन (नायट्रोजन असलेला अणुगट) असतं. ते प्रोटॉन (इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा अणू) धरतं आणि धातूपाशी पोचवतं. हीच युक्ती अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने निकेलच्या संयुगात वापरली आणि २०११ मध्ये सेकंदाला एक लाखाहून जास्त फेऱ्यांचा वेग गाठला (एका फेरीत उत्प्रेरकाचा एक रेणू हायड्रोजनचा एक रेणू बनवतो). आकड्याने हुरळून मात्र जाऊ नका. त्या वेगासाठी गरजेपेक्षा सुमारे ०.६ व्होल्ट जास्त द्यावे लागले, आणि प्रयोग नुसत्या पाण्यातला नव्हे, तर ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकातला होता. वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही जास्त मोजावं लागतं. या क्षेत्रातली खरी डोकेदुखी हीच.

माझ्या मते रेणूंची खरी गरज कार्बन डायऑक्साइडचं विजेवर दुसऱ्या पदार्थात रूपांतर करण्यासाठी आहे. त्याला नुसता एक इलेक्ट्रॉन द्यायचा तर पीएच ७ ला (उदासीन पाण्यात) सुमारे −१.९ व्होल्ट लागतात (हा आकडा जितका जास्त ऋण, तितकी क्रिया अवघड). दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळाले तर कार्बन मोनॉक्साइड बनायला −०.५३ पुरतात. म्हणजे प्रोटॉन वेळेवर आणून देणं ही निम्मी लढाई. पॅरिसमधल्या सावेआँ यांच्या गटाने २०१२ मध्ये लोखंडाच्या पॉर्फिरिनवर (धातूचा अणू मधोमध धरणाऱ्या कड्यासारख्या रेणूवर) प्रोटॉन देणारे फिनॉलचे गट जोडले, ते याचसाठी.

आता कच्चा दुवा: टिकाऊपणा. रेणू काम करता करता मोडतात, आणि मोडल्याचं चटकन कळतही नाही. एक साधी चाचणी आहे. प्रयोगानंतर इलेक्ट्रोड (द्रावणात वीज पोचवणारी कांडी) बाहेर काढायचा, हलकेच धुवायचा (घासायचा नाही) आणि उत्प्रेरक नसलेल्या ताज्या द्रावणात ठेवायचा. तरी करंट तेवढाच आला, तर बहुतेक रेणू केव्हाच मोडलेला असतो आणि काम इलेक्ट्रोडवर साचलेला धातूचा थर करत असतो. कोणताही विक्रमी आकडा वाचलात की आधी ही चाचणी केली होती का, ते बघा.