चार हात लांब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्यावरच्या तुझ्या फिल्मचा खर्डा वाचला. चाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये सव्वीस मिनिटं निवेदन आहे, त्यावर बोलायचंच आहे. पण पहिल्याच दृश्यात अशी चूक आहे की आधी ती काढू.

ज्यू समाजाने त्याच्यावर घातलेल्या बहिष्काराचा प्रसंग तू ॲमस्टरडॅमच्या भव्य पोर्तुगीज सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, घेतला आहेस. उंच दगडी खांब, पितळी झुंबरं, शेकडो मेणबत्त्या. ती वास्तू खुली झाली १६७५ साली आणि स्पिनोझाला वाळीत टाकलं २७ जुलै १६५६ रोजी. त्या वेळचं सिनेगॉग हाउटग्राख्त कालव्याकाठी होतं. आज ती इमारत नाही आणि तो कालवाही बुजवला गेला आहे. तेव्हा चुना दिलेली एखादी साधी, लांबट खोली आणि लाकडी बाक घे. खर्चही वाचेल. काळ्या मेणबत्त्या उलट्या करून विझवण्याचा जो भाग लिहिला आहेस, तो समाजाच्या दफ्तरातल्या नोंदीत नाही. रब्बींशी वादविवादही नाही. पोर्तुगीज भाषेतल्या त्या नोंदीत ‘भयंकर पाखंड’ आणि ‘राक्षसी कृत्यं’ एवढंच मोघम आहे, तो नेमकं काय बोलला ते नाही. वाचन झालं तेव्हा तो तिथे हजर नसावा असंच बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून कॅमेरा वाचणाऱ्यावर किंवा ऐकणाऱ्यांवर ठेव, आरोपीचा चेहरा दाखवूच नकोस. तेवीस वर्षांचा पोरगा होता तो. तू नटाला पांढरी दाढी लावली आहेस, ती आधी काढ. तो गेला तेव्हाही चव्वेचाळीसचाच होता.

त्या नोंदीत तुझ्या कामाची एक गोष्ट मात्र आहे. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याला लिहू नये, त्याच्यासोबत एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेलं वाचू नये आणि त्याच्या चार हातांच्या आत येऊ नये. हात म्हणजे आपलंच जुनं माप, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. चार हात म्हणजे साधारण सहा फूट. आपण ‘चार हात लांब राहा’ असं सहज बोलून जातो, तिथे ती लेखी आज्ञा होती. पात्रांच्या हालचाली याच मापावर बांध. जमिनीवर सहा फुटांच्या खुणा चिकटव आणि त्या दिवसानंतर समाजातलं कोणीही ती खूण ओलांडणार नाही असं बघ. भाऊ गाब्रिएल आणि तो मिळून वडिलांची व्यापारी पेढी चालवत होते. तेव्हा एक दृश्य पेढीतलं हवंच: हिशेबाची वही गाब्रिएल फळीवर ठेवतो, मागे सरतो, मग हा पुढे येऊन ती उचलतो. संवाद नको. फक्त हे लांब लेन्सने घेऊ नकोस. पंचाऐंशी मिलिमीटरवर सहा फुटांचं अंतर चेपून दोन फुटांचं दिसेल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. अठ्ठावीस किंवा पस्तीस घे, बाजूने घे, पावलं आणि फरशी चौकटीत ठेव. पुढे डच मित्र त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले की प्रेक्षकाला आपोआप जाणवेल.

आता निवेदनाकडे येऊ. तू त्याच्या मुख्य ग्रंथाचा, ‘एथिक्स’चा, पहिला भाग जवळजवळ अख्खा वाचून दाखवला आहेस. त्यात आठ व्याख्या, सात गृहीतकं आणि छत्तीस विधानं आहेत. वाचकाला मागची व्याख्या परत पाहता येते, म्हणून ती मांडणी कागदावर चालते. प्रेक्षकाला मागे जाता येत नाही. तिसऱ्या विधानाला तो पहिली व्याख्या विसरलेला असतो आणि खिडकीबाहेरचं झाड बघत बसतो. ग्रंथातली एक-दोन विधानं पडद्यावर अक्षरात दाखव, हवं तर. बाकीचा विचार पत्रांतून आणि तो भिंगं घासायचा त्या बाकावरून येऊ दे. कारण तिथे तो कोणाला तरी समजावतो आहे किंवा हाताने काहीतरी करतो आहे.

सगळ्यात मोलाचं पत्र २० नोव्हेंबर १६६५चं, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याला लिहिलेलं. निसर्गाचा प्रत्येक भाग संपूर्णाशी कसा जुळतो, असा प्रश्न होता. स्पिनोझा उत्तर देतो: रक्तात राहणारा एक कृमी कल्पून पाहा. त्याला नजर आहे, बुद्धी आहे. रक्तातला प्रत्येक कण त्याला स्वतंत्र, पूर्ण वस्तू वाटेल. हे सगळे कण मिळून एकच रक्त आहे आणि ते रक्त आणखी मोठ्या कशाचा तरी भाग आहे, हे त्याला कळणार नाही. आपणही या विश्वात तसेच आहोत. आणि त्याच पत्रात पुढे भिंगं घासण्याच्या गप्पा आहेत! डच शास्त्रज्ञ हायगेन्सने भिंगं घडवण्याचं यंत्र केलं आहे, पण गोलाकार साच्यात मोकळ्या हाताने केलेलं काम कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीचं आणि चांगलं होतं, असा आपला अनुभव तो सांगतो. कृमी आणि भिंग एका कागदावर आयते मिळाले आहेत. फिल्मचा मध्य इथेच आहे. याला सहा-सात मिनिटं दे.

घासण्याचं काम खरं दिसलं पाहिजे. काचेची चकती राळेने लाकडी मुठीवर चिकटवलेली असते. धातूचा खोलगट साचा बाकाला घट्ट बसवलेला असतो. ओली वाळू, मग बारीक, मग कुरुंदाची आणखी बारीक पूड, शेवटी कापडावर किंवा कागदावर मऊ पुडीने झिलई. हात गोल फिरतो आणि दर काही फेऱ्यांनी मूठ थोडी वळवावी लागते, नाहीतर एकच बाजू झिजते. दोन टप्प्यांच्या मधे काच, साचा आणि हात धुवावेच लागतात. जाड वाळूचा एक कण बारीक पुडीत शिरला तर ओरखडा उठतो आणि सगळं पुन्हा जाड वाळूपासून सुरू. नटाला हे किमान दहा दिवस शिकव. हाताला सवय नसली की तो काचेकडे बघत घासतो. कारागीर घासतो आवाजाकडे कान देऊन. तो आवाज प्रत्येक टप्प्याचा वेगळा रेकॉर्ड कर: आधी खरखर, मग सळसळ, झिलईला जवळपास काहीच नाही. पत्राचं वाचन त्या शेवटच्या शांततेत सुरू कर.

तू खोलीत काचेच्या धुळीचे ढग उडवले आहेस आणि त्यावर तिरपं ऊन सोडलं आहेस. दिसायला छान, पण काम ओलं असतं. चिखल होतो, ढग उठत नाही. त्याच्या मृत्यूचं कारण छातीचा क्षय असं सांगितलं जातं. काचेच्या धुळीने मारलं हा नंतरच्यांचा तर्क. निवेदनात ते ठामपणे म्हणू नकोस.

रक्ताचा थेंब दाखवण्यासाठी संगणकावर बनवलेला कृमी नको. कॅमेऱ्यापुढे एकच साधं, एका बाजूने सपाट भिंग धर. पंचवीस मिलिमीटर नाभीय अंतराचं असेल तर वस्तू सुमारे दहापट दिसेल, कडा रंगीत आणि धूसर होतील. त्या काळची नजर तशीच होती. आणखी मोठं हवं असेल तर तीन मिलिमीटरचा काचेचा मणी घे, शंभरपटीच्या आसपास जाशील. पण मग फोकसची खोली केसाइतकीही उरत नाही आणि उजेड फार लागतो. आधी दहापटीनेच करून बघ.

मग कॅमेरा मागे येईल: थेंब, तबकडी, बोटं, बाक. खर्ड्यात तू तसाच मागे मागे जात छप्पर, शहर, पृथ्वी आणि शेवटी आकाशगंगेपर्यंत पोचला आहेस. ते काप. त्याच पत्रात तो म्हणतो की भाग संपूर्णाशी नेमके कसे जुळतात हे मला ठाऊक नाही, त्यासाठी सगळा निसर्ग आणि त्याचे सगळे भाग ठाऊक असावे लागतील. संपूर्ण बघणारी नजर कोणालाच नाही म्हणतोय तो आणि तू ती कॅमेऱ्याला देऊन टाकलीस. खिडकीच्या चौकटीपाशी थांब. बाहेर फक्त उजेड असू दे.

दुसरा पत्रव्यवहार डोर्ड्रेख्तच्या ब्लेयेनबर्ग या धान्यव्यापाऱ्याशी झालेला. डिसेंबर १६६४ ते जून १६६५, दोघांची मिळून आठ पत्रं. सगळं देवामुळेच घडतं तर ॲडमची ते फळ खाण्याची इच्छाही देवाचीच, मग वाईटाचा कर्ता कोण, असा त्याचा रोकडा प्रश्न. स्पिनोझा आधी मनापासून उत्तर देतो, कारण समोरचा सत्याचा शोधक वाटतो. बुद्धी आणि धर्मग्रंथ यांच्यात विरोध आला तर हा ग्रंथाच्या बाजूने जाणार, हे कळल्यावर सूर बदलतो. शेवटचं पत्र सभ्य, छोटं आणि दार लावून घेणारं. एका पत्रात त्याने म्हटलंय की लहानपणापासूनच्या भाषेत लिहिता आलं असतं तर विचार कदाचित अधिक नीट मांडता आले असते. पत्र डचमध्ये होतं. त्या वाक्यावर नटाला लेखणी थांबवू दे. दोन्ही खोल्या वेगवेगळ्या घे, दोघांना एका चौकटीत आणू नकोस.

मराठीचा मोठा खड्डा आता सांगतो. तू ‘देव’साठी ब्रह्म लिहिलंस, पुढे अद्वैत आलं, मग पाठोपाठ तंबोरा आला. पाच मिनिटांत स्पिनोझा आळंदीला पोचला. तुलना करायची असेल तर वेगळा निबंध लिही; फिल्ममध्ये ब्रह्म म्हटलंस की प्रेक्षक आपलं आधीचं ज्ञान त्यात ओततो आणि नवं काही ऐकत नाही. ‘देव’ हाच शब्द ठेव, कारण तोच टोचतो. त्याच्या प्रसिद्ध लॅटिन शब्दप्रयोगाचं तू ‘देव किंवा निसर्ग’ केलंस. तिथला ‘किंवा’ निवड करा असं सांगत नाही. ‘देव, म्हणजेच निसर्ग’ असं हवं. भावनांसाठी ‘विकार’ नको, विकार म्हटलं की दोष चिकटतो. आपण माणसाच्या वासनांकडे रेषा, प्रतलं आणि घनवस्तू पाहाव्यात तसं पाहणार, असं तो म्हणतो. ‘भाव’ पुरेल. प्रत्येक वस्तू आपलं असणं टिकवायला जे झटते, त्याला ‘धडपड’ म्हण. बाक, मासळी, कालव्याकाठची म्हातारी, सगळ्यांना तो शब्द लागतो.

थोडा विनोद हवाच असेल तर ‘एथिक्स’च्या पहिल्या भागाची पुरवणी वाच. छपरावरून दगड पडून माणूस मरतो. का पडला? वारा सुटला म्हणून. वारा तेव्हाच का सुटला? तो तेव्हाच तिथून का जात होता? लोक विचारत राहतात, शेवटी देवाच्या इच्छेपाशी, म्हणजे स्पिनोझाच्या मते अज्ञानाच्या आसऱ्याला, येऊन थांबतात. हे शेजाऱ्यांच्या गप्पांत एका मिनिटात होईल.

जाळं विणणाऱ्या कोळ्यांची झुंज लावून त्याचं हसणं, चाकूहल्ल्यात फाटलेला अंगरखा जपून ठेवणं, हे जुन्या चरित्रांतून आलं आहे. दाखवायचं तर कोणीतरी सांगतंय असं दाखव. घरमालकाच्या आठवणी आणि त्याचे हिशेबाचे कागद वापरणाऱ्या कोलेरस या चरित्रकाराकडून मात्र सोनं मिळेल: एका दिवसाचं जेवण म्हणजे लोणी घातलेलं दुधाचं सूप, तीन स्ताइव्हर (तिथलं छोटं नाणं), वर दीड स्ताइव्हरची बिअर. वीस स्ताइव्हरचा एक गिल्डर. थाळीचा एक शॉट, बस्स.

१६७२च्या ऑगस्टमध्ये हेगला जमावाने डे विट बंधूंना, म्हणजे दोन डच राजकारण्यांना, ठार मारलं. तिथे तीनशे माणसांचा जमाव लिहिला आहेस, कुठून आणणार? जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्सच्या टिपणानुसार स्पिनोझाला त्या रात्री ‘रानटींतले रानटी’ अशा अर्थाचा फलक घेऊन बाहेर जायचं होतं आणि घरमालकाने दार लावून त्याला अडवलं. खोलीतच राहा. ओला फलक, कुलूप, बाहेर एखाद्या धावत्या पावलाचा आवाज. आयुष्यभर भावनांना शांतपणे समजून घ्या म्हणणारा माणूस एकदा तरी दारावर मुठी मारतो, हे त्या फिल्मला हवंच आहे.

शेवट तू मृत्युशय्येवर केलास. २१ फेब्रुवारी १६७७, रविवार, घरमालक चर्चला गेलेले, हे बरोबर आहे. पण त्यानंतर त्याचं लिहिण्याचं मेज, आतल्या हस्तलिखितांसकट, ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाकडे रवाना झालं आणि त्याच वर्षी ग्रंथ छापला गेला, लेखकाच्या फक्त आद्याक्षरांसह. घोड्याने ओढायच्या कालव्यातल्या नावेवर ते चढवताना दाखव. मेज रिकामं ठेवू नकोस. रिकामी वस्तू उचलणाऱ्यांचे खांदे लगेच खोटे दिसतात. आत वीस किलो वाळू भर, खण बाहेरून बांध आणि दोघांना चिखलातून चढ चढायला लाव.

पुढचा खर्डा पाठव.

तुझा,
स्नेही