परीक्षा, प्रकल्प आणि वार्षिक कार्यक्रम एकाच महिन्यात आल्यास प्राथमिक शाळेतील मुलांची व पालकांची तयारी कशी करावी?

अशा दिवसांत मूल गोंधळते ते कामाच्या प्रमाणामुळे कमी आणि पुढे काय येणार हे ठाऊक नसल्यामुळे अधिक, असे मला वाटते. म्हणून शाळेकडून आलेल्या सर्व तारखा चौकोन आखलेल्या एका मोठ्या कागदावर मुलाकडूनच लिहून घ्याव्यात आणि तो कागद त्याच्या नजरेच्या उंचीवर लावावा. ७-८ वर्षांच्या मुलाला 'पुढचा पंधरवडा' म्हणजे नेमके किती दिवस याचा अंदाज सहसा येत नाही, परंतु 'अजून ५ चौकोन' हे लगेच कळते. साहित्य आदल्या रात्री शोधण्याची वेळ येऊ नये, यासाठी प्रकल्पाची तारीख घरापुरती ३ दिवस अलीकडे धरावी. (प्रकल्प मुलाचा आहे, पालकांचा नव्हे, हे मात्र विसरू नये.) झोपेत काटछाट अजिबात करू नये, कारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दररोज ९ ते १२ तास झोप आवश्यक असते. शिक्षकांनी रोज सुटे निरोप धाडण्याऐवजी आठवड्याच्या सुरुवातीस एकच सविस्तर निरोप द्यावा. दोन मोठी कामे एकाच दिवशी येत असतील, तर पालकांनी तसे वेळीच कळवावे. आठवडाभर आधी तारीख बदलणे शिक्षकांना बहुधा जमते, आदल्या संध्याकाळी नाही.