प्रश्नावली छापायच्या आधी

अपंग माणसांची लैंगिकता हा विषय संशोधनाला छान निवडलायस, पण लगेच प्रश्नावली घेऊन धावू नकोस. आधी ‘सेक्शुअ‍ॅलिटी अँड डिसॅबिलिटी’ हे १९७८ पासूनचं नियतकालिक चाळ. सुरुवातीचं बरंचसं संशोधन डॉक्टरी थाटाचं: मणक्याला इजा झाल्यावर संभोग जमेल का, मूल होईल का. १९९६ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टॉम शेक्सपिअर आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकात ब्रिटनमधली अपंग माणसं स्वतः बोलली. मग प्रेम, एकांत, हक्क हे सगळं आलं. माझ्या मते खरी मजा इथून पुढे.

आपल्याकडचं १९९४ चं पुण्यातलं मतिमंद मुलींची गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरणही वाचच. त्यात मुलींचा आवाज कुठे सापडतो का बघ. आणि मुलाखतीच्या वेळी त्या अपंग व्यक्तीच्या आईला बाहेर बसवायची सोय आधीच कर. ती शेजारी असली की उत्तरं तीच देते.