ऑन्टारियोत घर आणि लाकडी कुंपण: विश्रामबागच्या दादांना उत्तर

दादा, तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात आल्यावर उपनगरात घर घ्यायचा विचार आहे, मुलगी लहान आहे, तर मागच्या अंगणाला लाकडी कुंपण घालावं का, लाकूड कुठलं घ्यावं आणि काम स्वतः करता येईल का. मी मूळचा तासगाव तालुक्यातला, आता इथंच राहतो. जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

आपल्याकडं बंगल्याला विटांचं कंपाउंड आणि रानाला काटेरी तार नाहीतर घायपात. त्यामुळं लाकडाचं कुंपण म्हणजे तात्पुरती सोय असं आपल्याला वाटतं. इथं तसं नाही. भिंत बांधायची तर तिचा पाया थंडीत गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यावा लागतो आणि तो खर्च फार होतो. नीट घातलेलं लाकडी कुंपण 15-20 वर्षं सहज उभं राहतं. तेव्हा लाकूडच घाला. पण सगळं लक्ष फळ्यांच्या रंगरूपावर देऊ नका. कुंपण टिकतं की कलतं, हे जमिनीखालच्या 4 फुटांत ठरतं.

त्याआधी हद्द. गावाकडं बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात हे तुम्हाला सांगायला नको. मोजणी आणून खुणा दाखवून घेतल्याशिवाय आपण दगड रोवत नाही, तीच शिस्त इथं पाळा. घर घेताना वकिलाकडून सर्व्हे प्लॅन मागून घ्या. तो नसेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून कोपरे दाखवून घ्या. कोपऱ्यांवर लोखंडी सळया पुरलेल्या असतात. त्या मुद्दाम उपटणं किंवा हलवणं हा कॅनडाच्या कायद्यात गुन्हा आहे, म्हणून खड्डे घेणाऱ्यालाही त्या आधी दाखवून ठेवा. मग शेजाऱ्याकडं जा, चहा घेत बोला, खर्च निम्मानिम्मा ठरला तर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. जमलंच नाही तर लाइन फेन्सेस अ‍ॅक्ट, म्हणजे हद्दीवरच्या कुंपणाचे वाद सोडवायचा कायदा आहे. त्यात पालिकेनं नेमलेली माणसं जागा पाहून निर्णय देतात. काही शहरांनी मात्र स्वतःचे नियम केलेत. उंचीही पालिका ठरवते. मागच्या अंगणात साधारण 2 मीटरपर्यंत चालते, पुढं बरीच कमी. अंगणात पोहण्याचा तलाव असेल तर त्याच्या कुंपणाचे नियम वेगळे आणि कडक असतात, त्याला परवानगी काढावी लागते.

खड्डा घेण्याआधी ऑन्टारियो वन कॉलला, म्हणजे जमिनीखालच्या गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी दाखवून देणाऱ्या सेवेला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि ते फुकट आहे. माणसं येऊन गवतावर रंगाच्या खुणा करून जातात: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, नारिंगी फोन-केबलचा. पिवळ्या रेघेजवळ पहार मारायची नाही, तिथं हातानं हळूहळू उकरायचं.

आता खांब. दक्षिण ऑन्टारियोत हिवाळ्यात माती जवळजवळ 4 फुटांपर्यंत गोठू शकते असं धरूनच काम करतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. इथं चिकणमातीत मुरलेलं पाणी गोठून बर्फाचे थर होतात आणि ते वर सरकताना खांबाला काँक्रीटसकट उचलतात. दरवर्षी बोटभर उचललं तरी काही हिवाळ्यांत अख्खी रांग वाकडी दिसायला लागते. म्हणून 6 फुटी कुंपणाला 10 फुटी खांब घ्या: 4 फूट आत, 6 फूट वर. खड्डा 10-12 इंच रुंदीचा आणि खांबापेक्षा 6 इंच जास्त खोल, तळाला खडी. वरचं तोंड पसरट होऊ देऊ नका, बर्फाला तिथंच पकड मिळते. पुठ्ठ्याची गोल नळी बसवून काँक्रीट ओतलं की बाजू गुळगुळीत राहते. काँक्रीटचा माथा थोडा उतरता ठेवा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी साचत नाही. दोन्ही टोकांना दोरी ताणून ओळंब्यानं एकेक खांब सरळ करा. उघड्या, वाऱ्याच्या जागी खांबांतलं अंतर 8 ऐवजी 6 फूट ठेवा.

लाकडात मुख्य पर्याय दोन. प्रेशर ट्रीटेड म्हणजे दाबाखाली तांब्याचं औषध मुरवलेलं सुचीपर्णी लाकूड, स्वस्त. दुसरं सिडार नावाच्या सुचीपर्णी झाडाचं, त्याचा गाभा मुळातच कुजायला चिवट, दिसायला देखणा, पण महाग. माझं मत: खांब जमिनीत पुरण्यासाठी असलेल्या दर्जाचे ट्रीटेड घ्या, फळ्या परवडत असतील तर सिडारच्या. ट्रीटेड खांब कापलात तर कापलेलं टोक वर ठेवा आणि त्याला औषध लावा, कारण ते आतपर्यंत मुरलेलं नसतं. उरलेले तुकडे कधीही जाळू नका. आपल्याकडं ढलप्या बंबात जातात, पण या लाकडाचा धूर आणि राख विषारी असते. खिळे-स्क्रू झिंकचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे. साधा खिळा सिडारवर काळे ओघळ सोडतो आणि ट्रीटेडमध्ये लवकर गंजतो.

ट्रीटेड फळ्या दुकानातून ओल्या येतात, म्हणून त्या एकमेकींना चिकटवूनच मारा, सुकल्या की आपोआप फट पडते. जमिनीपासून 2 इंच वर ठेवा. लगेच रंगवू नका. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. मण्यासारखे वर उभे राहिले तर अजून थांबा, शोषले गेले तर स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग लावा.

फाटकाची तिरपी पट्टी बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्यात जाते. उलटी बसली की फाटक लोंबतं. मुलीसाठी कडी उंचावर लावा.

नव्या वस्तीत घर घेतलंत तर दोन घरांमधून पाणी वाहून जायला उथळ चर ठेवलेला असतो. तो बुजवू नका, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या तळघरात शिरेल. बिल्डरचं जमिनीच्या उताराचं काम पूर्ण होईपर्यंत कुंपण घालू नका.

स्वतः करता येईल का? सुट्टीचे दिवस, दोन धट्टेकट्टे मित्र आणि भाड्यानं आणलेलं खड्डे घेण्याचं यंत्र असेल तर नक्की येईल. ठेकेदार लावणार असाल तर हिवाळ्यातच फोन करा, वसंतात सगळे अडकलेले असतात. खड्ड्याची खोली, खांबाची जाडी, लाकडाचा दर्जा आणि निघालेली माती कोण नेणार, हे कागदावर घ्या, आणि सगळे पैसे आधी देऊ नका. काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी टेप घेऊन प्रत्येक खड्ड्याची खोली स्वतः मोजा.