वजन कुणाच्या खात्यात?

प्रश्न : कच्च्या मालाचा नीट वापर करणाऱ्या युरोपीय देशांत लक्झेंबर्ग, नेदरलँड्स वर आणि एस्टोनिया तळाशी असतो. लहान देशांचं हे कसं मोजतात? आमच्या काजू कारखान्याला तोच हिशेब लावता येईल का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : देशात खणलेला आणि पिकवलेला माल टनांत धरायचा, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची. जीडीपीला या वजनाने भागलं की किलोमागे किती युरो कमावले ते कळतं. वाळू, खडी, लाकूड, धान्य, इंधन सगळं धरतात. पाणी धरत नाहीत.

एस्टोनियात वर्षानुवर्षं ऑइल शेल हा तेलकट दगड जाळून वीज केली. त्याच्या वजनाची जवळपास निम्मी राखच होते, त्यामुळे भाजक फुगतो. आयर्लंडचं उलट झालं. २०१५ साली परदेशी कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता तिथे हलवली आणि जीडीपी एका वर्षात सुमारे पाव पटीने वाढला. दगडमाती तेवढीच लागत होती, तरी आकडा सुधारला!

खरी गोम आयातीत आहे. आइसलँडमध्ये बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, नाही. तिथले कारखाने बॉक्साइटपासून काढलेली अ‍ॅल्युमिनाची पूड बाहेरून आणून स्वस्त विजेवर धातू करतात. टनभर धातूला सुमारे दोन टन अ‍ॅल्युमिना आणि त्यामागे चार-पाच टन बॉक्साइट लागतं. आइसलँडच्या खात्यात आयात म्हणून येतात ते दोनच टन. खाणीतलं बाकीचं वजन, अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल चिखलासकट, दुसऱ्या देशाच्या माथी. रत्नागिरीच्या सड्यावर बॉक्साइटची खाण पाहिलेल्यांना हे वजन म्हणजे काय ते सांगायला नको. लहान देशाचा बराच माल बाहेरून येतो, म्हणून ही सूट त्यालाच जास्त मिळते. आयात मालामागचा मूळ कच्चा माल धरून केलेला दुसरा हिशेब शेजारी ठेवल्याशिवाय अशा क्रमवारीवर विसंबू नका.

कारखान्याला हा हिशेब जरूर लावा, पण आधी ओलावा ठरवा. १८ टक्के ओलाव्याची १०० किलो बी ८ टक्क्यांवर सुकली की ८९ किलो भरते. खरेदी ओल्या वजनाने लिहिली आणि गर सुक्या वजनाने मोजला, तर ११ किलो पाणी नासाडीत जातं आणि उगाच फोडणाऱ्या बायकांना बोल लागतो. देशांच्या हिशेबातही लाकूड १५ टक्के ओलाव्यावर आणून मांडतात, ते याचसाठी.

गराचं वजन एकट्याने पुरत नाही. बी नीट उकडली नाही किंवा उकडल्यावर पुरती निवू दिली नाही, तर गर तुटतो. वजन तेवढंच राहतं, पण तुकड्याला अख्ख्या गराचा भाव येत नाही. म्हणून किलो बीमागे रुपये काढा, आणि विक्रीतून बीची किंमत वजा करून काढा. नाहीतर बी महागून गराचा भाव चढला तरी कारखाना सुधारल्यासारखा दिसेल.

टरफलं तेलवाल्याला विकत असाल तर ती निर्यात, बीच्या वजनातून वजा करा. बॉयलरखाली जाळत असाल तर करू नका. तो तुमचाच वापर.